डबा कुठे उघडायचा

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस. वहिनीला विचारलं की ‘ते आंघोळीला गेलेत’ असं उत्तर येतं. एवढी आंघोळ तू जन्मात केली नसशील. म्हणून लिहिते आहे, आणि पत्र वहिनीच्याच हातात देणार आहे, म्हणजे तू ते फाडलंस तरी तिच्यासमोर फाडावं लागेल. आधी कामाचं लिहिते. कामाचं तू रागातही वाचतोस.

कारखान्याची ती अवजड प्रेस अजून जागेवर बसलेली नाही. तिला घेऊन आलेला ट्रेलर फाटकाबाहेर ताडपत्री पांघरून उभा आहे आणि त्याचा ड्रायव्हर आता कारखान्यातल्या सगळ्यांना नावानं हाक मारतो. शेडमधला पाया तयार आहे. बोल्टांना ग्रीस लावून वर टोप्या घातल्या आहेत. प्रेस आत घ्यायला भिंत फोडली, तिथे आता मांजरं ये-जा करतात. वाटेतल्या गटारांवर जाड पत्रे टाकले आहेत, डोक्यावरची वीज बंद करून घेतली आहे, दोरी बांधून माणसांची वाट वेगळी केली आहे. हे सगळं त्या दिवशीही तयार होतं. तू क्रेन घेऊन फाटकाशी आलास तेव्हा बाकी होती ती फक्त एक जागा, आणि तिच्यावरूनच आपलं बिनसलं. तू बाहेर होतास, मी आत. मधल्या वेळात काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही, कारण तू कुणाला सांगूच दिलं नाहीस.

वजन उचलताना तुझ्या क्रेनचा डावीकडचा पुढचा टेकूचा पाय शेडच्या तोंडाशी टेकणार होता. तिथली फरशी अख्ख्या अंगणात सगळ्यात देखणी. बाकी सगळीकडे भेगा, खड्डे, तेलाचे डाग, आणि तिथे मात्र चौकोनभर फरशी अशी की वर रांगोळीच काढावी. मॅनेजरसाहेब तर तिच्यावर बूट आपटून म्हणाले, “मॅडम, माझ्या आधीपासून इथे ट्रक उभे राहतात, एक चरा पडलेला नाही.” त्यांचं खोटं नव्हतं. पण ट्रक आपलं वजन सगळ्या चाकांवर वाटून उभा राहतो. तू हुकाला प्रेस अडकवून क्रेन त्या बाजूला फिरवलीस की जवळजवळ सगळा भार त्या एका पायावर येणार. हे तुला मी सांगायचं म्हणजे कमालच झाली, पण लिहायला बसले आहे तर सगळंच लिहिते.

सकाळी मी अंगण धुवून घेतलं होतं, तेलावरून कुणाचा पाय घसरू नये म्हणून. मग कागदपत्रांत डोकं घालून बसले. बाहेर आले तर सगळं अंगण अजून ओलं, काळपट, आणि तेवढा चौकोन पांढरा कोरडा. कडा अगदी सरळ, टॉवेल वाळत घातल्यासारख्या. मी हातोडीनं ठोकून पाहिलं. आवाज थोडा वेगळा वाटला, पुन्हा ठोकलं तर सारखा वाटला. खाली ओली माती असली की फरशी लवकर वाळत नाही. खाली माती नसेलच तर वाळते. किंवा तो तुकडा नंतर घातलेला, चांगल्या मालाचा, म्हणूनही लवकर वाळला असेल. दोन्ही खरं असू शकत होतं. माझ्या हातात पुरावा म्हणावा असं काही नव्हतं.

आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. बाबांनी आपल्या टोळीला लावलेली सवय तुला माहीत आहे: ज्यानं जमीन पास केली, त्यानं दुपारचा डबा त्याच जागेवर बसून खायचा, आणि त्याचं खाऊन होईपर्यंत क्रेनचा पाय खाली यायचा नाही. लहानपणी मला वाटायचं, बाबांना उन्हात जेवायला आवडतं. जमीन पास करायचं काम आता माझं, म्हणून त्या दिवशी सगळी टोळी माझ्याकडे बघत होती. मी डबा उचलला, त्या चौकोनाला वळसा घातला आणि सामानाच्या खोलीत जाऊन जाड लाकडी ओंडक्यांच्या थप्पीवर बसले. खाल्लं काहीच नाही. बाहेर दोरखंड खाली टाकल्याचा आवाज आला, तेव्हा कळलं की सगळ्यांना कळलं.

तू केबिनमधून उतरलास आणि सगळ्यांदेखत म्हणालास, “हिला सख्ख्या भावाच्या हाताचा भरवसा नाही. आणा मग दुसऱ्या कुणाचा तरी भाऊ.” क्रेन वळवून निघूनही गेलास. मॅनेजरसाहेब म्हणाले, घरची भांडणं घरी करत जा. तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि हेल्मेट घालून रडणं फार वाईट दिसतं. पण मला लागलं, दादा. बोललास त्याचं नाही एवढं, मागे वळून बघितलं नाहीस त्याचं लागलं.

तुझ्या हाताचा प्रश्न कधी नव्हताच. आठवतं, आपण बांधकामाच्या भिंतीवरून वाळूच्या ढिगात उड्या मारायचो? तू भिंतीवर तयार, आणि मी खाली वाळूत काठी खुपसत फिरायचे, आत काही पुरलेलं तर नाही ना म्हणून. तू वरून ओरडायचास, “मोजपट्टे, झालं का तुझं? म्हातारा होईन मी इथे!” पण थांबायचास. शिव्या देत का होईना, माझी काठी फिरून होईपर्यंत तू कधी उडी मारली नाहीस. वाळूत कधी काही सापडलं नाही, हेही खरं.

तू गेल्यावर मी त्या चौकोनाला भोक पाडायला लावलं. मॅनेजरसाहेब नाक मुरडत उभे होते. ड्रिल थोडा वेळ कुरकुरलं आणि मग एकदम मोकळं पडलं, धरणारा माणूस पुढे कलंडला. फरशी फोडली तर खाली जुनं तेलाचं टाकं निघालं, विटांचं, माणूस उभा बुडेल एवढं. कुणीतरी कधीतरी ते भरायचा कंटाळा केला आणि वर पत्रा टाकून त्यावर झकास फरशी घातली. ती अंगणात सगळ्यात चांगली का होती, ते तेव्हा उमगलं. मॅनेजरसाहेब वाकून आत बघत राहिले. त्यानंतर मला त्यांनी स्वतः चहा आणून दिला.

बाबांना सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, टाकं विटांचं की दगडाचं एवढंच विचारलं आणि आवाज परत वाढवला. थोड्या वेळानं मात्र बघते तर चष्मा पुसत बसले होते. जेवताना त्यांनी तुझ्या नेहमीच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचलून ठेवलं.

टाकं आता भरून घेतलं आहे. जुनं तेल उपसलं, दगड घालून थराथरानं ठोकलं, वर सळ्या बांधून नवं काँक्रीट घातलं आणि ते पुरतं पक्कं होऊ दिलं. मग तुझ्या क्रेनच्या पायाचा भार येईल त्याहून जास्त वजनाचे ठोकळे त्यावर रचून ठेवले. जागा तसूभरही खचली नाही. तुझे मालक म्हणतात, तू नाही म्हणालास तर नवा ड्रायव्हर पाठवतील. चांगला आहे म्हणतात. मी त्यांना उद्या दुपारपर्यंत थांबायला सांगितलं आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझं बरोबर निघालं हे कळवायला मी एवढं लिहिलं नाही. ते तुला टोळीतल्या कुणीही कळवलं असतं. मला एक गोष्ट बोचते आहे आणि ती दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. त्या दुपारी माझ्याकडे होता तो फक्त एक कोरडा चौकोन. एवढ्यावरून काम थांबवलं, तर उद्या कुणी मला कामावर उभं करणार नाही, हे मला दिसत होतं. केबिनमध्ये नवा ड्रायव्हर असता, तर मी मॅनेजरसाहेबांचं ऐकलं असतं, तिथेच बसून डबा उघडला असता. बहुधा चवीनं खाल्लाही असता. मी डबा उचलला तो केबिनमध्ये तू होतास म्हणून. तू म्हणालास, हिला भावाचा भरवसा नाही. दादा, भाऊ होता म्हणूनच ते टाकं सापडलं. तेव्हापासून नव्या ड्रायव्हरचा विचार डोक्यातून जात नाही, कारण त्यालाही कुठेतरी बहीण असेल आणि ती तिथे नसेल. इथून पुढे केबिनमध्ये कोणीही असो, मी काठी तशीच फिरवणार आहे. पण आधी हे तुला कळायला हवं होतं. उद्या जेवणाची सुट्टी झाली की मी त्या जागेवर बसेन. वहिनीनं दोन डबे भरायचं कबूल केलं आहे. तू येईपर्यंत मी माझा उघडणार नाही, आणि तुला माहीत आहे, डबा खाऊन झाल्याशिवाय कुणाच्याच क्रेनचा पाय तिथे टेकणार नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच
मोजपट्टी