दोन बादल्यांची अंघोळ

४ जाने. १९९८, मंचर
आज वा.प्र. तीनदा. वा.प्र. म्हणजे वाळवंट प्रवचन. शब्द माझा, यांना माहीत नाही. आमच्या बारदानाच्या दुकानात कांद्यासाठी गोण्या न्यायला आलेल्या माणसाला आधी भिंतीवरचा राजस्थानचा नकाशा दाखवतात, मग गोण्या. वर खेजडीची झाडं, खाली जिप्सम आणि लिग्नाइट, पूर्वजांचे उंटांचे तांडे पार सिंधपर्यंत. पाणी कसं जपावं तर आमच्या मारवाडी माणसाने! सांगणाऱ्याचा जन्म मंचरचा. गावी एकदाच गेलेत, जावळ काढायला, तेही कडेवर बसून.
पेठचे बबनराव ऐकून घेतात बिचारे. आज म्हणाले, "शेठ, येवढं समदं हाय तिकडं, तर तुमचं आजं हिकडं कशापायी आलं?" यांनी गोण्या उगाच परत मोजायला घेतल्या.

११ जाने.
गावाहून काकीसांचा फोन. यांच्या चुलत काकू, बाडमेरकडचं आमचं जुनं घर एकट्या सांभाळून आहेत. गुडघे थकले, आता मुलीकडे जोधपूरला जाणार. घर ठेवा नाहीतर विका, आखातीजेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, कळवा म्हणाल्या.
यांना आनंद मावेना. ताटावरच म्हणाले, "दुकान नीलेशवर सोपवू, पोरगा तयार झालाय. आपण दोघं आपल्या मातीत जाऊन राहू."
आपल्या म्हणजे कोणाच्या? माझं माहेर जुन्नर. मला विचारलं कोणी? मोरीत जाऊन रडले. मग भांडी घासली, आपटून.

१३ जाने.
अबोला चालू. यांच्या लक्षातच आलेलं नाही.

१७ मार्च, गाव
घर एकदा बघून येऊ असं ठरलं, आज पोचलो. अंगभर वाळू, दातांतसुद्धा. घर दगडी, मोठं अंगण, अंगणाच्या मध्यावर जमिनीत पाण्याचं टाकं. पावसाचं पाणी अंगणातून उतरत उतरत भोकांतून त्यात जातं, तेच वर्षभर. टाक्यावर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. कपाटाला कुलूप नाही! चावी काकीसांच्या कमरेला.
त्यांनी स्वयंपाकापुरतं पाणी काढलं, यांना म्हणाल्या झाकण लाव, आणि मला घेऊन देरासरात, जैन मंदिरात, गेल्या. परत येतो तर गाण्याचा आवाज. स्वारी टॉवेल गुंडाळून अंगणात, साबण चोळतेय, दोन बादल्या ओतून झालेल्या. आणि फेसाचा ओहोळ निघालाय थेट टाक्याच्या भोकाकडे.
गुडघे थकलेल्या काकीसा अशा धावल्या की मी बघतच राहिले. डोक्यावरची ओढणी ओढली आणि भोकात कोंबली. पाणी वाचलं. यांच्या डोळ्यांत साबण. विचारतात, "कोण आलंय?"
घटकाभरात सगळी गल्ली आली. एका म्हाताऱ्याने मला अदबीने विचारलं, दिसावरात, म्हणजे परमुलखात, आपल्या मंचरकडे, रोज अंघोळ अशीच करतात का? काय सांगू? हो म्हटलं.

१८ मार्च
आजपासून यांची अंघोळ खाटेवर. उघड्या खाटेवर बसायचं, खाली परात, वरून एक तांब्या. परातीतलं पाणी कपड्यांना, कपड्यांचं पाणी परसदार सारवायला. म्हणजे काकीसांनी यांच्या अंघोळीने परसदार सारवलं.
हे मारवाडी बोलायला गेले, मधेच "अहो, काय आहे" येतं. पोरं "मराठा, मराठा" करत मागे लागतात. मंचरला मारवाडी, इथे मराठा. आज वा.प्र. एकही नाही. ऐकवणार कोणाला? पोह्यांची आठवण मात्र चारदा काढली.

२१ मार्च
काकीसांनी सुक्या केर-सांगरीची भाजी शिकवली. संध्याकाळी बायका वाळूत बसतात, मीही बसले. वाळू तेव्हा गार लागते. खूप हसलो. भाषा अर्धीच कळत होती तरी.
पाणी आता मीच काढते. काकीसा नुसत्या बघतात. आज म्हणाल्या (मारवाडीत, मी इथे मराठीत लिहिते; बीनणी म्हणजे सून), "बीनणी, तुझ्या हातून सांडत नाही." कोणी साडीचं कौतुक केलं असतं तरी इतकं बरं वाटलं नसतं.
मला इथे आवडलं. लिहून टाकते, वाचतंय कोण.

२२ मार्च
निघालो. काकीसांनी टाक्याची दुसरी चावी माझ्या मुठीत दिली. "घर विकलंत तर परत पाठव." मंचरला गल्ल्याची चावी यांच्याकडे. कपाटाची सासूबाईंकडे होती, त्यांच्यामागे नीलेशकडे गेली. माझ्याकडे ही पहिलीच. बसमध्ये पदराला बांधून ठेवली.

५ एप्रिल, मंचर
आल्या दिवशी यांनी तीन बादल्या अंघोळ केली. नकाशा भिंतीवरून उतरला. "रंग द्यायचाय भिंतीला."
बबनराव म्हणाले, "शेठ, नकाशा कुटं ग्येला? जिपसमचं राहिलं व्हतं सांगायचं!"
"तिकडचं पाणी जड आहे हो," हे म्हणाले. बस्स, एवढंच.
मी मोरीच्या पन्हाळीखाली परात ठेवते आता. जास्वंदीला पाणी होतं. हे ओरडले, "अगं, हे मंचर आहे!"

२६ एप्रिल
आखातीज तोंडावर आली. हे म्हणाले, "विकून टाकू. उद्या काकीसांना फोन करतो."
माझ्या तोंडून निघून गेलं, "मला चौमासा तिथे राहायचाय. दर वर्षी. घर विकायचं नाही."
आधी हसले. मग माझ्याकडे बघून थांबले. "एकटी?"
"तुम्हाला यायचं तर या. अंघोळ खाटेवर."
पदराखाली चावी घट्ट धरली होती, हाताला वळ उठलाय. इतकी वर्षं संसार केला, यांना असं तोंडावर कधी बोलले नव्हते. भीती वाटतेय. पण शब्द मागे घेणार नाही.

२७ एप्रिल, सकाळ
फोन अजून केलेला नाही. यांनी चहा घेतला, टॉवेल घेतला, मोरीत गेले. नळ सुटला, एक बादली भरली, नळ बंद झाला.
मी पोळ्या सोडून दाराशी उभी आहे, वही हातात. गाणं नाही. नुसता तांब्याचा आवाज, तोही सावकाश. एक पोळी करपली बहुतेक.
दुसऱ्या बादलीसाठी नळ अजून तरी सुटलेला नाही.