बांधलेलं झाड

फालाबोर्वाच्या अलीकडे, पाइपलाइनचा तळ
४ ऑक्टोबर, रविवार

प्रिय सिपाती ताई,

तुला आणि आईला नमस्कार. मी धडधाकट आहे. आईचा गुडघा सोडला तर तुम्हीही बऱ्या असाल. अक्षराला हसू नकोस, हात फावड्याला सरावलाय. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी विषय सोडून देतो. कागद मध्ये बोलत नाही.

याआधीच्या तीन नोकऱ्या मी टाकल्या, ही टिकवलीय. सहावा महिना चालू आहे. पाण्याच्या पाइपासाठी चर खणायचा, पाइप बसला की बुजवायचा, पुढे सरकायचं. मुकादम दुमेझ्वेनी आपल्याच ग्वांडाकडचा, म्हणून जेवण तरी घरच्यासारखं असतं. इथेही चहूकडे मोपानेचीच झाडं आहेत. कधी कधी वाटतं, सीमा ओलांडलीच नाही.

मागच्या सोमवारी फावड्याखालून अंगठ्याएवढं काळपट काहीतरी वर आलं. शेजारचा म्हणाला, "फेक रे, वाळलेलं शेण ते." मी तळहातावर घेतलं तर ते शेपटाकडून वळवळलं. मोपानेच्या अळीचा कोष. मी तसाच उभा राहिलो. दुमेझ्वेनी वरून ओरडला, "काय रे मथुलिसी, लग्न लावतोस का त्याच्याशी?"

ताई, मला तुझा वर्ग दिसला. एप्रिलमधला. पंधरा पोरं पोत्यांत शिरून जमिनीवर निजलेली, तू म्हणायचीस, "गप्प, आता आपण मातीत आहोत." मग टाळी वाजवायचीस, "उठा, पंख फुटले!" आणि सगळी हात पसरून अंगणभर. मी कुंपणाला टेकून हसायचो. म्हणालो होतो, "अळी मीठ घालून शिजवायची वस्तू आहे. तिची कसली शाळा घेतेस?" तू म्हणालीस, "तुझी घेऊन काय झालं? हिला निदान पंख तरी फुटतील."

तुझ्या वर्गाला मदतीला येणारे मासुकू आजोबा मात्र कधी हसले नाहीत. पोरांना शिकवायचे, "चिमटीत धरू नका. हात पुढे ठेवा, ती आपणहून येईल." त्यांची नात सिनिकिवे कुणाशी बोलायची नाही, पण अळी हातावर चढली की तिच्याशी पुटपुटायची. वर्गासमोरच्या झाडाला आजोबांनी सालीची पट्टी बांधली. पोरांना म्हणाले, "आता हे झाड तुमचं. माणसानं इथे हात लावायचा नाही." मग प्रत्येकानं आपल्या अळीच्या फांदीला रंगीत दोरा बांधला, सिनिकिवेनं लाल. एकानं आपल्या अळीचं नाव 'बस ड्रायव्हर' ठेवलं होतं. रोज सकाळी कुणी किती पानं खाल्ली ते मोजायचं. अळ्या मातीत उतरल्या की वाट बघायची, असं तू त्यांना कबूल केलं होतंस.

पुढचं लिहायचं म्हणून तीन रविवार कागद घेऊन बसलो, तीनदा फाडला.

त्या झाडावरच्या अळ्या मी काढल्या.

हंगाम संपला होता, बाकी झाडं सगळ्यांनी झोडून नेली होती. दुमेझ्वेनी फोनवर म्हणाला होता, "गावच्या अळ्यांचा एक डबा आण, मग तुझ्यासाठी फावडं शोधतो." त्या रविवारी तुम्ही सगळे चर्चमध्ये होता. पोटात दुखतंय सांगून मी घरी राहिलो होतो, पण दुखत नव्हतं. सालीची पट्टी मला दिसत होती. मी ती तशीच ठेवली आणि फक्त वर हात घातला. शेवटच्या अळ्या मातीसाठी सोडायच्या असतात हे आई आपल्याला लहानपणापासून सांगत आली. मी एकही सोडली नाही. कोरड्या नदीपलीकडे पिळून, उकळून घेतल्या आणि सोमवारी पहाटेच मावशीकडे जाऊन तिच्या पत्र्यावर वाळवल्या. मावशीनं दिल्या म्हणालो. डब्याचं झाकण तूच दाबून लावून दिलंस. डोळे रडून सुजले होते तुझे, तरी म्हणालीस, "वाटेत सांडू नकोस."

एवढंच असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं.

बुधवारी संध्याकाळी बायका आपल्या अंगणात जमल्या होत्या, आठवतं? सगळ्या म्हणत होत्या, बांधलेल्या झाडाला आपल्याकडे कोण हात लावेल? वानर म्हणावं तर एक सोडून सगळे दोरे जागच्या जागी. तेव्हा मी चहा पिता पिता म्हणालो, "ज्यानं बांधलं त्याला कसली बंदी?" नुसतं हसत. कुणीच हसलं नाही. तुझी मान झटकन वर आली. मला कळलं काय झालं ते. तेव्हाच बोलायचं होतं. मी कप धुवायला उठलो.

गुरुवारी तू आजोबांना सांगितलंस, उद्यापासून येऊ नका. मी दारात होतो. त्यांनी फक्त विचारलं, "तूसुद्धा, पोरी?" आणि टोपी घातली. शुक्रवारी मी गाडीत बसलो.

इथे डबा उघडला तर वरच्या अळीला लाल दोरा चिकटलेला. दुमेझ्वेनी म्हणाला, "अरे, हिला कपडे कुणी घातले?" सगळे खो खो हसले. मीही हसलो. दोरा खिशात टाकला. तेव्हापासून माझ्याकडेच आहे.

मागच्या महिन्यात आई फोनवर बोलता बोलता म्हणाली, पोरं सिनिकिवेला म्हणतात, "तुझ्या आजोबांनी माझा ड्रायव्हर खाल्ला." ती वर्गात येईनाशी झाली. आजोबा आता पाण्याला लांबच्या बोअरवेलवर जातात, कुणी भेटू नये म्हणून. त्या वयात, तो कॅन घेऊन. मी म्हणालो, "असं का," आणि पैसे संपले सांगून फोन ठेवला. पैसे होते.

ताई, हे पत्र एकटीनं वाचून घडी घालून ठेवू नकोस. आईची मान खाली जाईल, मला ठाऊक आहे. डिसेंबरात मला गावात कुणी उभं करेल की नाही, तेही माहीत नाही. तरी झाडाखाली सगळ्यांना बोलव, त्या बुधवारच्या बायकांनासुद्धा. आजोबांना खुर्ची दे. मग मोठ्यानं वाच. पोरांनाही कळू दे, त्यांनाच आधी. त्यासाठी तुला आजोबांच्या दारी जावं लागेल, वाकावं लागेल, तेही माझ्यापायी.

गाडीवाल्याबरोबर तोच डबा पाठवतोय. आत ओली माती आहे आणि अकरा कोष. चर बुजायच्या आधी तेवढेच मिळाले, चौघांना कमी पडतील. हलवू नकोस. पुढच्या महिन्यात पंख फुटतील असं वाटतं, पण ते आजोबांना विचार. कुठे पुरायचे तेही त्यांनाच विचार, झाड त्यांनी बांधलंय. ते नको म्हणाले तर पुरू नकोस. लाल दोरा कागदाला टाचलाय. तो सिनिकिवेचा.

आजोबांना नमस्कार सांग असं लिहीत होतो, मग खोडलं. तो मी स्वतः येऊन करीन, त्यांनी घेतला तर.

पोरांनी विचारलं, अळ्या कुणी नेल्या, तर ज्याचं नाव घ्यायचं तो,

तुझा धाकटा भाऊ
मथुलिसी