दुपारी एकची डॅन्यूब

२ डिसेंबर, सोमवार
सासूबाईंचा लाकडी रेडिओ खरखरतो म्हणून दुरुस्तीला आणला. दुरुस्ती कसली, पुनर्जन्मच. आतले जुने काचेचे व्हॉल्व्ह काढून थेट भंगारात दिले. त्या जागी पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर. जगभरची स्टेशनं, शिवाय सासऱ्यांच्या आवडीची गाणी. सासूबाईंना मात्र एकच हवं: दुपारी एकला डॅन्यूबच्या पाण्याची पातळी. सासरे चाळीस वर्षं त्याच नदीवर मालवाहू बार्जवर होते. ते गेले, तरी यांनी ती बातमी सोडलेली नाही. १९ला घरच्या संताचा सण, तोवर देतो म्हणालो. काम चार दिवसांचं आहे.

७ डिसेंबर
कॉम्प्युटर चालू होतो. आवाज येत नाही. बाकी सगळं तयार.
ल्युबिंका म्हणाली, बाजारात तयार रेडिओ मिळतो. तुझ्या आईला त्याच पेटीतून ऐकायचंय, मी म्हणालो. मग पेटी रिकामी कशाला केलीस, म्हणाली. बायकोला तांत्रिक गोष्टी समजावू नयेत.

११ डिसेंबर, सकाळी ६.१०
आवाज आला. घुं. सगळ्या स्टेशनांवर घुं. कारण सापडलं: कॉम्प्युटर स्वतःच इतका गोंगाट करतो, की अँटेनाला दुसरं काही ऐकूच येत नाही. तो बंद केला तर स्टेशन स्वच्छ लागेल. फक्त रेडिओ बंद असेल.
शेजारचा तिहोमिर जिन्यात म्हणाला, मित्रा, माझाही रेडिओ भुणभुणतोय, आता काय बांधतोयस? जळतात लोक.

१४ डिसेंबर
कॉम्प्युटर चांदीच्या कागदात गुंडाळला, अँटेना गॅलरीत नेली. एकला बातमी लागली! बेझदान, आपातिन, काठावरच्या सगळ्या गावांची पातळी. सासूबाईंना फोनवर ऐकवलं. पलीकडे त्या रडत होत्या. किंवा सर्दी असेल.

१६ डिसेंबर
पेटी पोचवली. तीन दिवस आधी. दिलेला शब्द पाळणारी माणसं आता राहिली कुठे?

१७ डिसेंबर
रेडिओ मेला. सासूबाई झोपण्याआधी घरातला प्रत्येक प्लग उपटतात, वीज पडू नये म्हणून. डिसेंबरात. या कॉम्प्युटरला आधी रीतसर बंद करावं लागतं, नाहीतर मेमरी कार्डाची वाट लागते. हे मी सांगणारच होतो. कार्डाची नक्कलही ठेवली होती. त्याच कार्डावर.

१८ डिसेंबर
रजा टाकली. पेटी सासूबाईंकडेच ठेवून आतला कॉम्प्युटर घरी आणला. नवं कार्ड, सगळं पहिल्यापासून. आता घुंसुद्धा येत नाही. भंगारवाल्याकडे धावलो, व्हॉल्व्ह म्हटल्यावर तो नुसता हसला.
ल्युबिंका म्हणाली, आई आज एकला बंद पेटीसमोर बसली होती. अर्धा तास.


१९ डिसेंबर
या सणाला कोणी बोलावत नाही, सगळे येतात. सासूबाईंकडे बावीस माणसं. मेणबत्ती लागली, उकडलेले गहू फिरले, मासा आला. एकला पाच कमी असताना सासूबाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि पेटीसमोर खुर्ची ओढली. मी खरं सांगून टाकलं: रेडिओ लागणार नाही.
त्या म्हणाल्या, जावईबापू, तुमच्या फोनमध्ये पातळी दिसते का? दिसते म्हणालो. मग जा पेटीमागे, म्हणाल्या.
भिंत आणि पेटी यांच्यामध्ये गुडघ्यांवर बसून वाचलं. बेझदान. आपातिन. बोगोयेवो. मध्येच खोकलो, तर म्हणाल्या, निवेदक खोकत नाही. तिहोमिर म्हणाला, आवाज आधीपेक्षा स्वच्छ आहे.
उद्यापासून रोज एकला यायचं ठरलं. मग त्यांनी पेटीचं बटण फिरवलं, आणि मी बंद झालो.