सासऱ्यांचा ड्रमसेट काढताना

२ मार्च, रविवार

अखेर सासऱ्यांनी मला काम सांगितलं!

अगदी थेट मला नाही. जेवणं झाल्यावर खुर्चीत रेलून माळ्याकडे बघत म्हणाले, तो ड्रमसेट काढायचाय एकदा. मेहुण्याने मोबाईलमधून मान वर करायच्या आत मी उभा राहून म्हटलं, मी काढतो!  सासरे म्हणाले, बघा. ‘बघा’ म्हणजे होच. मोठी माणसं सरळ हो कधी म्हणत नाहीत.

सासरे तरुणपणी एका बँडमध्ये ड्रम वाजवायचे. सेट तेव्हाचा, कित्येक वर्षं माळ्यावर पडलेला. मेहुण्याने शिडी धरली, गाडीत सामान चढवायला मदत केली आणि म्हणाला, बरं झालं, माझं काम वाचलं. आळशी माणूस. अशा माणसाला सासरे दिवसातून दहा वेळा हाक मारतात. गाढवा, बल्ब बदल. गाढवा, औषधं आण. गाढवा, हे काय करून ठेवलंस! आणि मला? अहो जावईबापू, बसा. अहो, पंखा वाढवू का? लग्नाला इतकी वर्षं झाली, मी अजून त्या घरात पाहुणाच. एकदा, फक्त एकदा, त्यांनी मला हक्काने गाढव म्हणावं अशी माझी फार इच्छा आहे. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

संकल्प: सासऱ्यांच्या वाढदिवसाच्या आत सेट कोरा करकरीत करून त्यांच्यापुढे ठेवणे. सगळं स्वतःच्या हाताने.

३ मार्च

सेट डायनिंग रूममध्ये मांडला. हिने विचारलं, जेवायचं कुठे? मी म्हटलं, कलेसाठी थोडी गैरसोय सोसावी लागते. हिने ती ओट्याशी उभी राहून सोसली. मीही.

पाच-सहा व्हिडिओ बघितले. विषय सोपा आहे. सगळे जण पहिलं हेच सांगतात की काहीही उघडण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढा. काढले.

५ मार्च

ड्रमचे स्क्रू साध्या पान्याने फिरत नाहीत, चौकोनी तोंडाची खास चावी लागते. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ड्रमची चावी मागितली. दुकानदाराने पाण्याच्या ड्रमाला लावायची तोटी काढून दिली आणि विचारलं, दोनशे लिटरचा का? मी शांतपणे समजावलं की हा वाजवायचा ड्रम आहे. तो म्हणाला, वाजवा की, पण आधी रिकामा करा. अशा लोकांमुळेच कला मागे राहते. तोटी घेऊन आलो. परत देणं बरं दिसलं नसतं.

शेवटी पक्कड वापरली. काही स्क्रूंची डोकी झिजून गोल झाली. गोलच बरी दिसतात.

९ मार्च, रविवार

सगळा सेट सुटा झाला. सगळे स्क्रू, नट, वॉशर एकाच डब्यात टाकले. काही लोक प्रत्येक ड्रमचे वेगळे ठेवून चिठ्ठ्या लावतात. ज्यांना आपल्या स्मरणशक्तीवर भरवसा नाही त्यांनी लावाव्यात.

संध्याकाळी फोटो बघितले. प्रत्येकात माझा अंगठा आलाय. एकात हिचं पाऊल आहे, ते मात्र स्पष्ट आलंय.

ड्रमवरची जुनी कातडी खऱ्या चामड्याची निघाली. पिवळी पडलेली, मध्ये काठ्यांचे काळे डाग. बघवेना. प्लास्टिकची नवी मागवली आणि जुनी समोरच्यांच्या कुत्र्याला चघळायला दिली. आज पहिल्यांदाच तो माझ्यावर भुंकला नाही. शेजारधर्म असाच वाढतो.

१२ मार्च

ड्रमची लाकडी पिंपं साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवली होती. काय मळ निघाला! नंतर हीटरपुढे वाळवली. मोठं पिंप आता किंचित लंबगोल वाटतंय. हिने विचारलं, हे अंड्यासारखं का दिसतंय? मी म्हटलं, लाकूड जिवंत असतं, श्वास घेतं. ही म्हणाली, घेतला असेल, पण सोडलेला दिसत नाही.

हिला यातलं कळत नाही. वाद घातला नाही.

१६ मार्च, रविवार

काल दुपारी स्टँडचा गंज काढला, आज झांजा. काळपट, हिरवट, तेलकट. भांड्यांची पावडर, लिंबू आणि तारेची घासणी घेऊन तीन तास घासल्या. चेहरा दिसतो! फक्त मधे कंपनीचं नाव छापलेलं होतं ते पण निघून गेलं. म्हणजे छपाई कच्ची होती. चांगल्या कंपनीचं नाव असं घासून जात नाही.

२३ मार्च, रविवार

जोडणी सुरू. एक स्क्रू कुठेच बसत नाही आणि दुसरा सगळीकडे बसतो. दोन्ही वापरले.

स्नेअर म्हणून जो लहान ड्रम असतो, त्याच्या तळाला तारांची जाळी असते. तो जोडून झाल्यापासून खोलीत कुणी बोललं की आपोआप खरखरतो. मी बोललो की थोडा, ही बोलली की जास्त. मी म्हटलं, बघ, त्याचाही आक्षेप आहे. त्यानंतर ही जे बोलली त्याने झांजही हलली.

३० मार्च, रविवार

झालं! काय दिसतोय सेट! जणू आज दुकानातून आणला. डब्यात मूठभर स्क्रू उरलेत, पण सेट उभा आहे, म्हणजे ते जास्तीचेच असणार. एकदा काठी मारून बघितली. आवाज थोडा बादलीसारखा येतो. वापरून सुटेल.

सासऱ्यांपुढे काय बोलायचं याची तयारी केली. ते म्हणणार, अरे गाढवा, एवढं सगळं एकट्याने केलंस? मी भावुक व्हायचं नाही. फक्त ‘हो बाबा’ म्हणायचं. आरशासमोर म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा रुमाल शोधावा लागला. आणखी सराव हवा.

१ एप्रिल

मेहुण्याचा फोन. म्हणाला, सेट बघायला गिऱ्हाईक तेराला तुमच्याकडे येतंय, बाबाही येतील.

मी म्हटलं, मला एप्रिल फूल करतोस? तो म्हणाला, भावोजी, बाबा म्हणाले होते ना, सेट काढायचाय? विकायचाय म्हणून? एक गृहस्थ जुनी वाद्यं जमवतात, त्यांना द्यायचाय. ते जपतील. त्यांची अट एकच, सेट आहे तसा हवा. जुनी कातडी, जुना मळ, सगळं. बाबांनी शब्द दिलाय की सेटला कुणाचा हात लागलेला नाही.

मी सेटकडे बघितलं. सेट चमकत होता.

दोष माझा नाही, भाषेचा आहे. गाडी काढली म्हणजे नवी घेतली. गाडी काढली म्हणजे जुनी विकली. गाडी काढली म्हणजे गेटबाहेर आणली. माणसाने समजायचं काय? सासऱ्यांनी नीट क्रियापद वापरलं असतं तर ही वेळ आली नसती.

२ एप्रिल

ही म्हणते, सरळ बाबांना फोन करून सांगा. कसं सांगणार? त्यांना ब्लड प्रेशर होईल. आधी नाहीये, पण होईल. आणि त्यांनी आयुष्यात एकच काम माझ्या हाती दिलंय. ते मी बुडवलं असं कोणत्या तोंडाने सांगू?

विचारांती ठरवलं. जे नवं करता येतं ते पुन्हा जुनंही करता येतं. भरपूर दिवस आहेत.

५ एप्रिल

व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी सेटवर झटकली. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, लग्नापासून सांगतेय धूळ झटका, पण ही पद्धत माझ्या मनात नव्हती.

धूळ चिकटेना. सेट फार गुळगुळीत झालाय, माझंच काम आड आलं. मग चहाचा काळाकुट्ट काढा करून ब्रशने लावला. रंग सुरेख आला. डायनिंग रूमला ऑफिसच्या कँटीनचा वास येतोय.

८ एप्रिल

गंज येत नाही! स्टँडवर रोज मिठाचं पाणी मारतोय. नको तेव्हा दाराच्या कडीला चढतो, खिडकीला चढतो, इथे मात्र लख्ख. गंज घालवायला एक दुपार लागली होती आणि आणायला आठवडा पुरेना. दुकानदाराकडे गेलो, गंज येण्यासाठी काही मिळतं का विचारलं. त्याने तोटीची चौकशी केली.

१० एप्रिल

समोरच्यांच्या घरी जाऊन कुत्र्याकडून कातडी मागितली. एक मिळाली. दुसरीच्या बाबतीत कुत्र्याचं मत वेगळं होतं, तेव्हा शर्टाची बाही तिथेच सोडून आलो. मिळालेल्या कातडीला कडेने दातांच्या खुणा आहेत. लांबून बघितलं तर वाजवण्याच्या वाटतात. खूप लांबून.

झांजेवर कंपनीचं नाव काळ्या मार्करने परत लिहिलं, आठवेल तसं. वेडंवाकडं आल्यामुळे अक्षर अगदी जुनं वाटतं.

१२ एप्रिल

तयारी पूर्ण. हॉलमधून, दिवा बंद करून बघितलं तर फरक कळत नाही. दिवा बंद ठेवण्याचं कारण शोधायला हवं.

जेवण गेलं नाही. खरं लिहायचं तर भीती वाटते. त्या गृहस्थांचं मला काही नाही. सासऱ्यांनी शब्द दिलाय आणि तो माझ्या डायनिंग रूममध्ये चहाने रंगवलेला उभा आहे.

१३ एप्रिल, रविवार

ते आले. सासरे, मेहुणा आणि गृहस्थ. गृहस्थांनी खिशातून पांढरे हातमोजे काढले तेव्हाच माझं अवसान गळालं. मी म्हटलं, आज व्होल्टेज कमी आहे, दिवा नको. हिने येऊन दिवा लावला.

गृहस्थांनी मोठ्या ड्रमवर बोट फिरवलं. बोट तपकिरी झालं. वास घेऊन त्यांनी विचारलं, आलं घालता का? मग कातडीपाशी वाकून दातांच्या खुणा बघितल्या. मग झांज उचलून कंपनीचं नाव वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने. कंपनीच्या नावात एक अक्षर मी जास्तीचं घातलं होतं.

हातमोजे काढत ते सासऱ्यांना म्हणाले, साहेब, हा सेट जुना नाही. जुना केलेला आहे.

सासरे म्हणाले, अहो, मी स्वतः वाजवलाय हा! गृहस्थ गोड हसून म्हणाले, सगळे असंच म्हणतात. सासऱ्यांचा चेहरा पडला. इतकी वर्षं त्यांना ओळखतो, असा चेहरा कधी बघितला नव्हता. भर दुपारी, स्वतःच्या लेकीच्या घरात, एक परका माणूस त्यांना खोटं पाडत होता. मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगून टाकलं. पक्कड, साबण, हीटर, पावडर, लिंबू, कुत्रा, चहा, मीठ. शपथ घेऊन म्हटलं, सेट शंभर टक्के अस्सल आहे, खोटा फक्त मळ आहे.

गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, अस्सल होता? मग तर फारच वाईट. आणि बूट घालून गेले.

 मी सरळ उभा राहिलो. आता काय होणार ते मला कळलं होतं, आणि खोटं कशाला लिहू, इतकं सगळं होऊनही आतून बरं वाटत होतं. एवढं नुकसान पाहुणा करत नाही. हे घरातल्या माणसाचंच काम. सासऱ्यांनी मान वर केली. चेहरा लाल. दीर्घ श्वास घेतला आणि एवढ्याने ओरडले की स्नेअर खरखरला.

गाढवा!

मी म्हटलं, हो बाबा.

पण ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. मागे मेहुणा उभा होता. गाढवा, म्हणाले, यांच्या हातात सेट दिलासच कसा तू? अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस? मेहुणा काही बोलायला गेला तर त्याला म्हणाले, एक अक्षर बोलू नकोस, गाढवा. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, अहो जावईबापू, तुम्ही उभे का? बसा. चहा घ्या.

बसलो. चहा घेतला. मेहुणा माझ्याकडे खाऊ की गिळू असा बघत होता. मी त्याला म्हटलंही, बदलतोस का जागा? त्याला कळलं नाही. गाढवपणा सगळा माझा, आणि पदवी मात्र पुन्हा त्यालाच.