हाजींच्या बैठकीत खाली ठेवलेला कप

अम्मान, गुरुवार
(उद्या सुट्टी, म्हणजे रडायला सवड)

आदरणीय अबू फवाज मामा यांना भाचा रकानचा मनापासून सलाम. तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक (आई ठीक आहे, मी जिवंत आहे). तिकडे कर्कला थंडी फार असेल, तेव्हा लोकरी मोजे घाला आणि कॉफी कमी प्या, असं आईने लिहायला सांगितलंय. पत्र आपलं सहजच. मागणं वगैरे काही नाही.

नोकरी लागल्याचं तुम्हाला कळलंच असेल, कारण आईने ते इथूनच कर्कपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं. शेतकीची पदवी घेऊन मोबाइलची कव्हरं विकत होतो, तेव्हा स्वयंपाकघरात बसून फोनवरच व्हिडिओ बघत हे मोठ्या कंपन्यांच्या मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर शिकलो. शिकवणारा एक हिंदुस्थानी मास्तर. "अगदी सोपं आहे, मित्रांनो," असं तो म्हणाला की समजायचं, आता आपलं काही खरं नाही. आई भांडी घासताना विचारायची, "त्या मास्तराने तुला पास केलं का रे?" अहो, त्याला मी माहीतसुद्धा नव्हतो! तरी एका कंपनीने मला घेतलं, पण कच्चं. पहिलं काम नीट पार पडलं तर पक्कं करू म्हणाले. रंदाचे वडीलही म्हणालेत, "पोरगा आधी पक्का होऊ दे, मग बघू." (त्यांच्या घरी आपण मागणी घालायला गेलो होतो, त्या दिवसाचा विषय मी काढत नाही. तुम्हालाही त्रास होतो.)

पहिलं काम निघालं मादबाला, हाजी अबू गालिब यांच्या जवाच्या गोदामाचं. आमचं सॉफ्टवेअर दोन ठिकाणी चालतं, एक खरं आणि एक सरावाचं, आणि दोन्ही दिसायला जुळी भावंडं. मी सरावातलं सगळं पुसून पाटी कोरी केली आणि खुशीत चहा प्यायलो. चहा संपल्यावर कळलं की पुसलंय ते खरं. जपून ठेवलेली प्रत? (मास्तरांचा तो धडा मी पुढे ढकलला होता.) आता गोदामात छतापर्यंत पोती, पण कॉम्प्युटर म्हणतो एक दाणाही नाही, आणि तो हो म्हणेपर्यंत फाटकातून पोतं बाहेर पडत नाही. हा कडक नियमही मीच हौसेने घातलेला! बाहेर मेंढ्यांसाठी जव न्यायला आलेले मेंढपाळ ट्रक घेऊन उभे, आणि मला जे काही म्हणत होते ते आईसमोर वाचता येणाऱ्या पत्रात लिहिता येत नाही.

मी आणि माझ्या साहेब, मैस मॅडम, हाजींकडे गेलो. मी सगळं कबूल करायचं ठरवलं होतं, शपथ! पण कबुली द्यायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून भरलेला कप खाली ठेवला. बैठकीतले सगळे त्या कपाकडे बघायला लागले. मामा, तुम्हाला काय सांगायचं, भरला कप खाली ठेवणारा पाहुणा काहीतरी मागायला आलेला असतो, आणि हाजी पडले जुन्या वळणाचे. म्हणाले, "पी बेटा, पी. ज्या कामाला आलास ते झालं समज." मी तोंड उघडतोय, तोवर मॅडम म्हणाल्या, "काम पूर्ण झाल्याची सही तेवढी द्या, हाजी." त्यांनी न वाचता सही ठोकली. आणि मी, गाढव, कॉफी प्यायलो.

आता मॅडम म्हणतात, सही झाली, विषय संपला. दुरुस्ती हवी तर ते नवं काम, त्याचे पैसे वेगळे. तो कागद फाडायचा असेल तर पुन्हा कामावर येऊ नकोस. हाजींची माणसं पोती मोजत बसलीत. मी सगळं कबूल करायला गेलो तर हाजी म्हणाले, "शब्द दिला तो दिला. पोरगा आपलाच आहे," वर तुपाचा डबा हातात दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आईला तूप फार आवडलं. मी भाकरी कोरडीच खातो.

बाकी सर्व क्षेम. मामींना सलाम.

तुमचा भाचा,
रकान

ता. क. मागणं नाही असं वर लिहिलंय, ते खोटं. मामा, चार वडीलधारी माणसं घेऊन मादबाला चला. हाजींसमोर कप ठेवा आणि म्हणा, ही सही परत घ्या, आणि पोराला सगळं पुन्हा फुकट भरून देऊ द्या. नोकरी जाईल, जाऊ दे. रंदाचं मग काय होईल ते मला ठाऊक आहे.

ता. क. दुसरा. हाजींच्या कॉफीचा वेलदोडा फाटकापर्यंत घमघमतो. हात जोडून सांगतो, घरून पिऊन निघा. रंदाच्या वडिलांनी हो म्हणायला तोंड उघडलं होतं, तोवर तुम्ही कप रिकामा करून दुसऱ्यासाठी पुढे केलात! त्यांना वाटलं, मंडळी कॉफीलाच आली.

ता. क. तिसरा. आई म्हणते, त्यापेक्षा अबू निम्र काकांना ने, ते कॉफीला शिवतही नाहीत. मी नको म्हटलं. त्यांनी कप ठेवला तर त्यात काय विशेष? तुमचं कॉफीचं वेड मादबापर्यंत ठाऊक आहे; तुम्ही ठेवलात, तर भाच्याची केवढी नड आहे ते हाजींना न सांगता कळेल.