अण्णांचे बुरूज

मुलुंड,
१८ नोव्हेंबर १९५४

चि. श्यामकांत यास कुंदाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. अजून पट्टी आहे, तोवर इथे माझ्याकडेच राहील. आल्यागेल्याला सांगते, पट्टी सुटली की आधी अण्णांची चित्रं बघणार. अण्णा गेल्यापासून तिला तेवढाच आधार. तेव्हा ती रशियाच्या जुन्या लढाईची रंगीत शिळाछाप चित्रं, ते बुरूज, खंदक, तांबड्या डगल्यातले गोरे, मुकाट्याने पाठव.

दिवाळीच्या रंगकामात वाळवी लागलेल्या चौकटी तू मोडल्यास आणि चित्रं फ्रेमवाल्याकडे दिली म्हणालास. काल ह्यांना मुद्दाम अंधेरीच्या त्या दुकानात धाडलं. तो म्हणाला, असली चित्रं मी पाहिलीच नाहीत. आता बोल! गणपतीत नलिनीचा भाऊ नंदकिशोर त्या चित्रांपुढून हलत नव्हता, मी विसरलेले नाही. त्यालाच दिलीस ना? बायकोपुढे तुझं चालतं कुठे म्हणा! उलट टपाली खरं लिही.

मुलांना पापा. लोभ आहेच, पण सध्या रुसलेला.

तुझी ताई

अंधेरी,
२१ नोव्हेंबर १९५४

ती. कुंदाताईस सा. न. वि. वि.

घरी आलेलं प्रत्येक पत्र तू आईला मोठ्याने वाचून दाखवतेस, म्हणून हे भावोजींच्या ऑफिसात धाडतोय. वाचून फाडून टाक.

फ्रेमवाल्याचं मी खोटं सांगितलं. दिवाळीत आईने स्वयंपाकघराच्या फळ्यांवर घालायला जुन्या कॅलेंडरांचे कागद काढले, त्यातच चौकटीतून काढलेली चित्रं होती. तिला दिसतंय कुठे! कडेने छान नक्षी कातरली आणि खळीने पालथी चिकटवली. तांदळाचा डबा काढताना एक कोपरा उचकटला, तर खाली तांबडा डगला. सोडवायला गेलो तर रंगच फळीला राहायला लागला.

आपल्याच हातांनी अण्णांची चित्रं कातरली हे कळलं तर म्हातारी अन्न सोडेल. त्यापेक्षा मी चोर ठरलो तर ठरू दे. पण नलिनीवर घसरलीस, ते लागलं गं.

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

श्यामकांत

मुलुंड,
२५ नोव्हेंबर १९५४

चि. श्यामकांत व सौ. नलिनी यांस अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझी जीभ झडो. नलिनी, मनात ठेवू नकोस गं. पत्र वाचून रडले आणि फाडलं.

आईला म्हटलं, चित्रं फ्रेमवाल्याकडेच आहेत, मेला फार रेंगाळतो. जन्मात पहिल्यांदा तुझ्या बाजूने खोटं बोलले रे!  आई बोटं चोळत म्हणाली, दिवाळीत कागद फार जाड लागला होता, कात्री अडत होती. मी विषय बदलला. तिने बदलू दिला.

रात्री अंथरुणावर टेकताना मात्र म्हणाली, श्यामला लिही, मी येईपर्यंत फळ्या धुऊ नकोस.

तुझीच ताई