बसल्या जागेचा हेवा

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुझा चेहरा बघायचा तर आता मला आरशात बघावं लागतं. हे मी बोलतेय आणि तुझी पणती तिकडं जर्मनीत बसून लिहितेय, फोन शेजारी ठेवून. तू मला शाळेत घातलं नाहीस, म्हणून माझं गाऱ्हाणंही दुसऱ्याच्या हातचं. मी ‘न्हाई’ म्हणते, ही ‘नाही’ लिहिते. लुगड्याला इस्त्री मारल्यासारखं होतंय माझं बोलणं, पण चालवून घे.

ही पोरगी अंबाजोगाईला शिकून इंजिनेर झाली, लग्न करून तिकडं गेली, आणि आता बसून आहे. आजारी नाही, पदरी लेकरू नाही, नवऱ्यानं अडवलेलं नाही. नुसती बसून. तिथली भाषा पुरती येत नाही म्हणून तिच्या शिक्षणाचं काम मिळेना, मग तिनं शोधायचंच सोडलं. नवरा कामाला गेला की पाय सोफ्यावर घेते आणि मला फोन लावते. आपल्याकडं तोवर दुपारची जेवणं होत आलेली असतात. मला वाटायचं, परक्या मुलखात गेलेल्या आपल्याच पोरींचं असं होतं. तर हिच्या शेजारी तिथलीच एक गोरी पोर आहे, हिच्याच वयाची. ना नवरा, ना लेकरू, ना कॉलेज, ना नोकरी. आई कामावर जाते आणि ही मांजर घेऊन खिडकीत बसते. मी विचारलं, “अन् तिला कुणी बोलत न्हाई का गं?” तर म्हणे, “नाही आजी, कुणीच बोलत नाही.” माय, तिखट कांडताना डोळ्यात जावं तसं झोंबलं मला. त्या वयात मला कुणी असं बसू दिलं असतं, तर मी वर काही मागितलं नसतं. मांजरसुद्धा नाही.

तुला बसलेलं मी एकदाच बघितलंय. दिवाळी झाली की आपण ऊस तोडायला जायचो. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी मुकादमाची मोजणी. नाव बापाचं, आणि मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी तू त्या कोयत्याची मूठ. त्या दिवशी गाडीचा आख मोडला आणि फडातलं काम थांबलं. तू बांधावर बसतेस, मला पुढ्यात ओढतेस, माझ्या केसांतलं पाचट वेचून वेणी घालायला घेतेस. पाठीवर कोवळं ऊन आहे. मी म्हणते, “माय, आख रोज मोडावा.” तू डोक्यात टपली मारतेस, “गप ए अवदसे! बसलेल्या बाईला कुत्रं बी इचारीत न्हाई.” आणि उठलीस, बैलांच्या चाऱ्याला उसाची वाढं गोळा करायला लागलीस. वेणी अर्धीच राहिली. त्यानंतर मीही कधी बसले नाही. आणि माझी नात बघ, जन्मभर आख मोडल्यासारखी बांधावर बसलीय. हेवा वाटू नये तर काय वाटावं?

परवा लेकाचा, हिच्या बापाचा, फोन आला. “माय, तिला घराजवळच्या बेकरीत काम मिळायलंय, अन् ही न्हाई म्हणायलीय. तुझं ऐकती ती. इतकं शिकवलं ते सोफ्यावर बसायला का?” तिला उद्या तिथं उत्तर द्यायचंय. म्हणून आज फोन आला तसा मी तोंडाचा पट्टा सोडला. “कावून जात न्हाईस गं? पायाला मेंदी लावलीय का?”

ती हसली नाही. म्हणाली, “आजी, तू एखाद्या दिवशी फडात गेलीच नसतीस तर?”

“सगळी टोळी बोंबलत कोपीच्या दारात आली असती. मोळ्या काय तुझा आजा बांधणार व्हता?”

“तेच म्हणतेय. मी दिवसभर उठले नाही तरी इथं कुणाचं काही अडत नाही. आणि बेकरीत गेले अन् चार दिवसांत त्यांनीही नको म्हटलं तर? मला तुझा हेवा वाटतो, आजी.”

ऐकलंस, माय? माझा! मोळ्या वाहून टाळूचे केस गेलेल्या बाईचा! मी म्हटलं, “ये की मग. टाळू सांभाळ फक्त.” तेव्हा हसली, आणि हसता हसता नाक ओढलं. कुत्रंही विचारत नाही, हे तू मला धाक घालायला सांगितलंस. ही पोरगी सोफ्यावर बसून तेच भोगतेय.

मग मी तिला ‘जा’ म्हणायला हवं होतं. पण जीभ उचलेना. ती पाव विकायला उभी राहिली, की दुपारी माझा फोन मुका. लेक फोन करतो ते गोळ्या घेतल्या का विचारायला. आजी, आज काय काय केलंस, असं ही एकटीच विचारते, आणि मी सांगेन ते ऐकत बसते. ती बसलीय म्हणून मला कुणी विचारतंय, माय. आता मला त्या बेकरीचा हेवा वाटायला लागलाय.

शेवटी म्हटलं एकदाचं, “जा बाई. जमलं न्हाई तर सोफा कुठं पळून जातोय?” आणि लगेच तिला हे लिहायला बसवलं, तेवढाच फोन लांबला.

आता विचारते, “आजी, हे पाठवायचं कुठं?” कुठं पाठवतेस! माझ्या मायला ना पत्ता, ना वाचता येत होतं. राहू दे तुझ्यापाशीच. आणि पुढचं लिहू नको म्हटलं तरी ही लिहितेच आहे: ‘जा’ मी मुद्दाम हळू म्हटलं होतं, माय. फोनला ऐकू गेलं नसतं तर बरं झालं असतं.